एक जूनची भिंत

धुरपदाबाईनं भाईदासचा वाढदिवस कसा मारला, ते मी सांगते. मी तिथंच होते, परातीपुढं, पिठाच्या हातानं. बाकीचे सांगतात ते निम्मं खोटं. कोणी म्हणतं तिच्या अंगात यायचं, कोणी म्हणतं तिला कुणीतरी फूस लावली. कुठलं अंगात न् कुठली फूस! बाईच्या पोटात आग होती, बस्स.

ती मूळची शिरपूरकडची. नवरा सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला आला आणि दोन लेकरं तिच्या पदरात टाकून काविळीनं गेला. सासरचे म्हणाले, परत ये. ती म्हणाली, तिथं येऊन तुमची धुणी धुण्यापेक्षा इथं चार माणसं जेवू घालीन. सुरतेबाहेरच्या डिंडोलीत तेव्हा निम्मी घरं आणि निम्मा ऊस. रेल्वे फाटकाच्या अलीकडच्या चौकात तिनं खानावळ टाकली. लूमवरची एकटी पोरं तिच्याकडं जेवायची. शेवभाजी, कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. मी जालन्याकडची, माझा नवरा काशिनाथ लूमवर, आणि मी तिच्याकडं भाकऱ्या थापायला. सगळे तिला आक्का म्हणायचे. ताटात कोणी टाकलं की ती अहिराणीत ओरडायची, "हाई तुना बाप खाई का?" आणि पोरं मुकाट्यानं ताट पुसून घ्यायची.

खानावळीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक फळा होता. फळा वस्तीतल्या मराठी लोकांच्या मंडळाचा, भिंत आक्काची. आमच्या चौकातला योगेंद्र कापड मार्केटात पार्सलांवर नावं घालायचा, अक्षर सुरेख. तो रोज सकाळी मराठी पेपरातलं बघून फळ्यावर 'दिनविशेष' लिहायचा. खाली तीन रकाने: घटना, जन्म, मृत्यू. आज कुठल्या राजानं कुठला किल्ला घेतला, कुठली नटी जन्मली, कोण शास्त्रज्ञ वारला. रात्रपाळीची पोरं जेवता जेवता मोठ्यानं वाचायची आणि भांडायची. नटीचं वय काढण्यावरून तर मारामारी व्हायची बाकी राहायची. आक्काला वाचता येत नव्हतं, पण वाढता वाढता ती सगळं ऐकायची.

आता एक जूनचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या लोकांत एक जूनला जन्मलेली माणसं ढिगानं सापडतील. पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी विचारायचे, जन्मतारीख काय? आई सांगायची, गहू काढायला आले होते बघा तेव्हा. गुरुजी बिचारे काय लिहिणार? एक जून लिहून मोकळे, शाळेत घ्यायला वय बरोबर बसायचं. माझा काशिनाथ एक जूनचा. आक्काचा पोरगा कुंदन, तोही एक जूनचा, खरा जन्मला दिवाळीत पाडव्याला. ती तारीख कोणी मनावर घेत नव्हतं. कागदावरची तारीख कागदावर. मनावर घेतली ती एकट्या भाईदासनं.

भाईदास मंडळाचा अध्यक्ष. लूमवाल्यांना माणसं पुरवायचा, त्यातनं वर आला. पांढरी सफारी, गळ्यात साखळी, बोलायला लागला की निम्मं गुजराती. त्याला पंचायतीत निवडून जायचं होतं, आणि पुढाऱ्याला वाढदिवस लागतो ना! मग काढली गुरुजींची तारीख. योगेंद्रला सांगितलं, एक जूनला आपलं नाव फळ्यावर पाहिजे. योगेंद्र त्याच्याच ओळखीनं मार्केटात चिकटलेला, तो काय नाही म्हणतो? तेव्हापासून एक जूनला 'जन्म'च्या खाली लिहिलं जायचं: अभिनेत्री नर्गिस, आणि खाली, मा. भाईदासभाऊ. आम्ही पोट धरधरून हसायचो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

मंडळाची एक गाडी होती. जुनी मेटाडोर, पांढरा रंग मारलेली, वर लाल दिवा. आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला म्हणून सगळ्या वस्तीनं वर्गणी काढून घेतलेली. आक्कानं आपलं चांदीचं कडं मोडलं होतं तिच्यासाठी. गाडी खानावळीसमोर लिंबाखाली उभी असायची. बाळंतिणी, ताप, मशिनीत हात सापडलेले कारागीर, सगळे तिच्यातनं गेले आणि बरेच परत आले.

चौऱ्याण्णव सालचा एक जून. ऊन असं, की चुलीपुढून उठून बाहेर गेलं तरी चुलीपुढंच बसल्यासारखं. दुपारी चार-पाच कारागीर पळत आले, मध्ये कुंदनला उचलून. तोही लूमवर होता, त्याला मशिनीवर करंट लागला होता. श्वास चालू होता, मी बघितलं, छाती हलत होती. पोरं सवयीनं लिंबाखाली धावली. जागा रिकामी. गाडी भाईदासच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीला गेली होती, टपावर भोंगे बांधून, फुलांच्या माळा घालून, पुढच्या भेस्तान गावापर्यंत जाऊन यायला.

कोणीतरी रिक्षा आणली. कुंदनचं डोकं आक्काच्या मांडीवर, पाय माझ्या. फाटकाजवळ आलो तर रस्ता बंद. समोर मिरवणूक! भेस्तानहून परत येत होती ती, आणि सगळा रस्ता अडवून नाचत होती. पोरं गुलाल उधळतायत, भोंगे कान फोडतायत, आणि मध्ये आमची गाडी. आक्कानं कुंदनचं डोकं माझ्याकडं दिलं, उतरली, गर्दीत घुसली आणि गाडीच्या मागच्या दारावर दोन्ही हातांनी बडवायला लागली. दार उघडलं. जिथं आजारी माणूस निजवायचा तिथं पेढ्यांचे खोके रचलेले. आत भाईदासचा माणूस मारुती बसलेला. भोंग्यात त्याला ऐकू काय येणार? त्याला वाटलं, बाई तोंड गोड करायला आली. त्यानं तिच्या हातावर पेढा ठेवला.

तिनं तो फेकला आणि पुढं भाईदासकडं गेली. मी रिक्षातनं बघत होते. तिनं त्याची सफारी धरली, रिक्षाकडं हात केला. भाईदासनं मान वळवून बघितलं. बघितलं त्यानं, हे मी कुणाच्याही देवाची शपथ घेऊन सांगेन. आणि समोर रस्त्यावर फटाक्यांची लांब माळ नुकतीच पेटवली होती, तिच्याकडं बोट दाखवून तो म्हणाला, "एवढी माळ संपू दे आक्का, लगेच रस्ता करतो."

माळ संपली. आक्का परत रिक्षात बसली, रस्ता झाला. दवाखान्याच्या दारात कुंदन गेला. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणायला हवं होतं. एकोणीस वर्षांचं पोर माझ्या मांडीवर पाय टाकून गेलं.

संध्याकाळी सगळं उरकून स्मशानातून परत आलो, तेव्हा फळा तसाच होता. आक्का त्याच्यासमोर थांबली. मला म्हणाली, "लीला, वाच."

"अगं चल आत, काय वाचायचंय आता!"

"वाच म्हटलं ना."

मी वाचलं. घटना: एक जून एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पहिली एसटी पुण्याहून नगरला धावली. जन्म: अभिनेत्री नर्गिस, मा. भाईदासभाऊ. मृत्यू: हेलन केलर.

"ही कोण?"

"आंधळी बाई होती म्हणे. शिकून लई मोठी झाली."

"आणि कुंदन?"

 तिनं त्या शेवटच्या रकान्याखालच्या काळ्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "इथं मना कुंदन येईल. त्यानं मना पोऱ्या मारला, मी त्याचा वाढदिवस मारीन." डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला भीती वाटली तिची, आणि खरं सांगू, बरंही वाटलं.

दहाव्याला भाईदास आला. हात जोडले, होणारं कुणाला चुकतं का, वगैरे वगैरे. म्हणाला, मंडळातर्फे कुंदनच्या नावानं पाणपोई बांधू. आक्का म्हणाली, "पाणपोईवर त्याचं नाव मोठं की तुझं?" मेला तसाच उठला. चहा न पिता गेला. तसाही चहा ठेवला कुणी होता!

त्याच साली भाद्रपदात सुरतेत प्लेग आला. माणसं मिळेल त्या गाडीला लटकून पळाली. सगळ्यांच्या आधी पळाला भाईदास. मंडळाच्या गाडीत बायको, पोरं, टीव्ही, फ्रीज घालून थेट धुळे. आईला मागं ठेवून गेला, गाडीत जागा नव्हती म्हणून! फ्रीजला होती. म्हातारी अनुसया कडी लावून बसली होती. आक्कानं दार वाजवलं, तिला आपल्याकडं आणलं आणि दोन वेळा ताट दिलं. मी म्हटलं, "अगं, त्याच्या आईला कशाला?" तर म्हणाली, "तिनं काय केलं माझं?" खानावळ ओस पडली होती, काम नव्हतं. त्या दिवसांत आक्का आपल्या लेकीकडून, हर्षदाकडून, अक्षरं शिकली. हर्षदा म्हणाली, आई, आधी ग म भ न. आक्का म्हणाली, मला तेवढा वेळ नाही, मी सांगते तेवढंच शिकव. कोळशानं शहाबादी फरशीवर ती तेच तेच गिरवायची, पुसायची, परत गिरवायची. अनुसया शेजारी शेंगा सोलत बसायची आणि जुन्या गोष्टी सांगायची.

मग आला पंच्याण्णवचा एक जून. भाईदास काही झालंच नाही अशा थाटात परत आलेला. यंदा त्याला पंचायतीला उभं राहायचं होतं म्हणून चौकात मंडप, खुर्च्या, सुरतेहून मोठा पुढारी येणार. अनुसयाला नवं लुगडं नेसवून पहिल्या रांगेत बसवलेलं. योगेंद्रनं रंगीत खडूनं फळा सजवला होता.

आक्का सकाळी भाकऱ्यांचं पीठ माझ्यावर टाकून बाहेर गेली. हातात खडू. घटना, पहिली एसटी धावली, त्याच्या खाली तिनं लिहिलं:

एक जून १९९४. मंडळाची गाडी धावली नाही.

आणि मृत्यूच्या खाली: कुंदन.

अक्षरं वेडीवाकडी, आंब्याएवढी मोठी. मारुती धावत आला, ओल्या फडक्यानं पुसून गेला. तिनं परत लिहिलं. त्यानं परत पुसलं. तिनं परत लिहिलं. तोवर आत जेवणारी पोरं हातात भाकरी घेऊन दारात जमली होती. शेवटी भाईदास स्वतः आला.

"आक्का, आज शुभ दिवस आहे. आजच्या दिवशी मरणाचं नको. माझा वाढदिवस आहे."

"तुझा एकट्याचा?" आक्का म्हणाली. आणि दाराकडं वळून ओरडली, "पोरांहो, एक जूनचे किती जण शे तुमच्यात? हात वर करा रे!"

अहो, काय सांगू! भाजीनं माखलेले हातच हात. माझा काशिनाथ, विदर्भातली दोघं, धडगावचा दगा नावाचा पोरगा, अगदी मंडप बांधायला आलेला माणूससुद्धा दोरी सोडून हात वर करून उभा. चौक खदखदा हसायला लागला.

"ते... ते गुरुजींनी लिहिलेलं असेल," भाईदास चाचरला. "माझा खरा आहे."

आक्का मंडपात गेली, अनुसयाच्या पायाशी बसली आणि मोठ्यानं विचारलं, "माय, हा कवय जन्मना?"

मी म्हणते, म्हातारीला कळलं होतं की नव्हतं, देव जाणे. फ्रीज गाडीत गेला आणि आपण मागं राहिलो, हे ती विसरली नसेल. तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पोळ्याले. बैल रंगवत होते आणि मला कळा आल्या."

हसू थांबलं. आक्का उठली. भाईदासच्या इतक्या जवळ जाऊन उभी राहिली की तो मागं सरला. "खोटा दिवस," ती म्हणाली. "तुझा दिवससुद्धा खोटा. खोट्या वाढदिवसाच्या माळेपायी मना खरा पोऱ्या गेला." आवाज चढवला नाही तिनं. माणसं खुर्च्या सोडून पांगायला लागली. मारुती तर फडकं टाकून मंडपामागं गेला.

तेवढ्यात पुढाऱ्याची गाडी आली. पुढारी उतरला, पांगलेली माणसं बघितली, फळा वाचला, कुणाला तरी काहीतरी विचारलं. आणि खुर्चीवर न टेकता, हार न घेता, परत गाडीत बसला. निवडणुकीत भाईदासला कुणी उभं केलं नाही. त्या दिवशी मी आक्काला गुळाचा खडा दिला. तिनं खाल्ला.

तुम्ही म्हणाल, झालं की मग. नाही झालं. भाईदासनं दुसऱ्या आठवड्यात फळा काढून नेला. मंडळाचा फळा, त्याचा हक्क! आक्का म्हणाली, ने. भिंत माझी आहे. तिनं चुलीची काजळी डिंकाच्या पाण्यात कालवली आणि अख्खी भिंत काळी केली, छपरापासून गटारापर्यंत. आता फळा आधीपेक्षा मोठा झाला. योगेंद्रनं मार्केटातलं काम दुसरीकडं धरलं आणि रोज सकाळी तिथं लिहायला लागला. एक जूनला मात्र आक्का स्वतः लिहायची, खडूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

शहाण्णवला भाईदासनं वाढदिवस बारडोलीला ठेवला, मेव्हण्याच्या दारात, जेवणावळ. वस्तीतल्या सगळ्यांना आवतण. आक्कानं दारात उभं राहून सांगितलं, जो त्याचं गोड खाईल त्यानं परत माझी भाकरी खायची नाही. कोण जाणार? एकही नाही गेला. ऐकलं की शिरा उन्हात आंबून गेला. मला त्या शिऱ्याचीही दया आली नाही.

मग तो एक जून सोडून पोळ्याला आला. मूळ तिथी, आईनं सांगितलेली, म्हणून छापून घेतलं. आक्कानं पोळ्याच्या सकाळी भिंतीवर लिहून ठेवलं: आज बैलांचा सण. आज भाईदासचाही. आणि पुरणपोळीचं ताट, हळदकुंकू, गेरू, वर एक नवी वेसण ठेवून हर्षदाच्या हाती त्याच्या दारात पाठवलं, बैलाला पाठवतात तसं. पोरांनी त्याला 'सर्जा' नाव पाडलं. बाजारात गेला की मागून कोणीतरी घुंगरू वाजवायचं. पोळ्याचाही वाढदिवस तिथंच संपला.

काही बायका म्हणायला लागल्या, आक्का, आता पुरे. देवानं दिली ना शिक्षा. मी त्यांना म्हटलं, देवानं कुठं दिली, आक्कानं दिली. देव त्या दिवशी फाटकावर होता का? तुम्हाला पुरे वाटत असेल तर तुम्ही घरी जा, पोरं तुमची जेवायला बसली असतील.

सत्त्याण्णवला भिंतीवर मृत्यूच्या रकान्यात माजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी हे नाव आलं. ते आदल्या साली एक जूनला वारले. आक्कानं योगेंद्रला त्यांच्याबद्दल विचारलं, नीट ऐकून घेतलं, आणि त्यांच्या नावाशेजारी जागा सोडून कुंदन लिहिलं. म्हणाली, "बरं झालं, सोबतीला मोठा माणूस आहे." तेव्हा मात्र ती रडली. पहिल्यांदा रडली, भिंतीला कपाळ लावून, आणि कपाळ काळं झालं. पुसलं आणि भाकऱ्या वाढायला आली.

भाईदास वर्षावर्षाला उतरत गेला. अध्यक्षपद गेलं, मंडळाची गाडी नव्या पोरांनी परत आणून लिंबाखाली उभी केली. लूमवाले दुसऱ्याकडून माणसं घ्यायला लागले. अनुसया वारली, तिच्या तेराव्याला वस्ती आली ती म्हातारीसाठी आली, त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. सफारी ढगळ व्हायला लागली. मला काही वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

अठ्ठ्याण्णवचा एक जून. आक्का सकाळीच स्टुलावर उभी राहून लिहीत होती. घटना झाली, जन्म झाले. नर्गिस होती, भाईदास नव्हता, तीन वर्षं झाली नव्हता. मी स्टूल धरून उभी. तेवढ्यात भाईदास आला. एकटा, पायी, चपला हातात. येऊन तिच्या स्टुलाशी उभा राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "वाढदिवस सोडला मी. पोळा सोडला. मंडळ सोडलं. माझी पोरं ह्या दिवशी तोंड लपवतात. ही भिंत पुसू नको, पण यंदा तेवढं ते गाडीचं लिहू नको. तुझे पाय धरतो. काय पाहिजे तुला ते सांग, असेल तर देतो."

आक्कानं खाली बघितलं. मला वाटलं, झालं, आता विरघळेल बाई. तिचा चेहरा तसा झालाही होता. पण ती बोलली ते अगदी साधेपणानं, भाजीवाल्याला भाव विचारावा तसं.

"माले दोन जून जोयजे."

"म्हणजे?"

"त्या सालचा दोन जून. मना पोऱ्या सकाळी उठतो, चहा मागतो, त्याचा शर्ट सापडत नाही म्हणून ओरडतो, तो दोन जून. तुना जोडे शे का, तुझ्याकडं?"

भाईदास तिथंच उभा. चपला हातातच होत्या.

"नाही ना," आक्का म्हणाली. "मग बाजूला हो, उजेड अडतो." आणि तिनं त्याच्या देखत, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात, मंडळाची गाडी धावली नाही, ते लिहून काढलं.